चावी फिरवण्याआधी आणि चावी काढताना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटार ही परकी वस्तू राहिलेली नाही. १९९८ साली आलेली टाटांची इंडिका इथेच तयार झाली. २००९ साली फोक्सवॅगनने चाकणला कारखाना सुरू केला. अशा कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-तळवड्याच्या शेडमध्ये आपल्यातले अनेक जण रोज राबतात. हप्त्यावर का होईना, आज पुष्कळ घरांसमोर गाडी उभी दिसते. गाडी शिकताना सगळ्यांचे लक्ष स्टिअरिंग आणि गिअरकडे असते. इंजिन सुरू करणे आणि बंद करणे मात्र ‘त्यात काय शिकायचे?’ म्हणून सोडून दिले जाते. म्हणून या अंकात आम्ही तेवढ्याच विषयावर बोलणार आहोत.

आधी सुरू करण्याविषयी. गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. मागे खेळणारे लहान मूल आरशात दिसतेच असे नाही. बसल्यावर हँडब्रेक ओढलेला आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, हे हाताने पाहावे आणि क्लच पूर्ण दाबूनच सेल्फ मारावा. गाडी गिअरमध्ये असताना क्लच न दाबता सेल्फ मारला, तर स्टार्टरच्या जोरावरच ती पुढे किंवा मागे उडी घेते. पुढे भिंत असेल तर बंपरवर भागते, माणूस असेल तर भागत नाही. म्हणूनच बाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून चावी कधीही फिरवू नये. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर ठेवून, ब्रेक दाबून सुरू करावी.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. इंजिन लागले नाही तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. सतत सेल्फ मारल्याने स्टार्टर तापतो आणि बॅटरी उतरते. इंजिन लागल्यावर ऑइलचा लाल दिवा विझायला हवा. तो विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. गाडी पाच-दहा मिनिटे तापवत ठेवायची मात्र गरज नाही. अर्धा मिनिट पुरे. मग सुरुवातीचा थोडा रस्ता सावकाश न्यावी.

बंद दाराच्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एसी लावून बंद जागेत गाडीत झोपणे याच कारणाने जिवावर बेतते.

आता बंद करण्याविषयी, आणि इथेच सर्वांत धोकादायक सवय आहे. उतारावर पेट्रोल-डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रलला काढतात, काही तर चावीच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आले. वाकड-रावेतहून आपण साताऱ्याकडे जातो तो हाच महामार्ग.

इंजिन बंद झाल्यावर ब्रेक का साथ सोडतो, हे समजून घेतले पाहिजे. कारच्या ब्रेकला बळ देणारा बूस्टर इंजिनाच्या जोरावर काम करतो. इंजिन थांबले की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते आणि स्टिअरिंगही जड होते. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. चालत्या गाडीची चावी पूर्ण काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. आणि बचत? आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला जाणारे इंधन आपोआप तोडले जाते. म्हणजे बोरघाटात गिअरमध्ये उतरले तर इंधन वाचते आणि इंजिन गाडीला धरूनही ठेवते. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे.

थांबल्यावरचा क्रम असा: पायाचा ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, मग इंजिन बंद करा. महामार्गावरून वेगात आलेली टर्बो गाडी बंद करण्याआधी अर्धा ते एक मिनिट चालू राहू द्यावी. बंद केल्यावर क्लच दाबून गिअर टाकावा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. उतारावर चाकाला दगड लावावा आणि निघताना आठवणीने काढावा. ऑटोमॅटिक गाडी हँडब्रेक ओढून ‘पी’वर टाकावी. बटणावर चालणारी गाडी खिशातली चावी दूर गेली तरी चालूच राहू शकते. तेव्हा उतरण्याआधी डॅशबोर्ड विझला का, ते पाहावे.

इफ्तारला पाच मिनिटे उरलेली असतात, किंवा जुम्याच्या नमाजची घाई असते. अशा वेळी मुलांना आत बसवून, गाडी चालू ठेवून ‘आत्ता आलोच’ म्हणत आपण उतरतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ सांगते, की सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक चालक जागेवर हवा. नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या लाडापायी त्याच्या हाती चावी देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गाडी कोणीही चालवो, ती बंद कशी करायची हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हवे. या रविवारी गाडी मोकळ्या जागी उभी करून अम्मी, दादी, भाभी सगळ्यांना हँडब्रेक कुठला, न्यूट्रल कुठे, बटण किती वेळ दाबायचे, हे दाखवा. बटण वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या रीतीने चालते, म्हणून गाडीसोबत आलेले पुस्तक आधी वाचा. आणि चावीसाठी लहानग्यांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर एक खिळा ठोका.