दुसरा पडदा आणि जुना संगणक

एका शाळेतील शिक्षक सांगत होते, "प्रोजेक्टर जोडला की आमचा संगणक रडकुंडीला येतो. आता तो भंगारात काढायचा विचार चालू आहे." दोष खरोखर प्रोजेक्टरचा आहे का? थोडा गुणाकार करून पाहू.

पडद्यावरचे चित्र म्हणजे चित्रबिंदूंची जाळी. नेहमीच्या मॉनिटरवर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. चित्र स्थिर असले तरी ते सेकंदाला ६० वेळा पडद्याकडे पाठवावे लागते. म्हणजे सेकंदाला ५० कोटी बाइट. दोन मॉनिटर असतील तर १०० कोटी!

आकडा छाती दडपवणारा खरा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. शाळांतल्या जुन्या संगणकांत बहुधा असे कार्ड नसते, त्यामुळे चित्र मुख्य मेमरीतूनच वाचले जाते. प्रोसेसर आणि पडदे एकाच विहिरीवर पाणी भरतात म्हणा ना. पण विहीर मोठी आहे. डीडीआर३-१३३३ प्रकारची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १०६७ कोटी बाइट देऊ शकते. दोन मॉनिटर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा नेतात. १०२४ × ७६८ बिंदूंचा प्रोजेक्टर तर मॉनिटरच्या निम्म्याहूनही कमी नेतो.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा, त्या पडद्यावर आपण काय लावतो त्यात. चित्रफीत दाबून लहान केलेली असते. ती उलगडणे हे कष्टाचे काम. जुन्या संगणकातील ग्राफिक्सचा भाग एच.२६४ पद्धतीची फीत स्वतः उलगडतो, पण व्हीपी९ सारखी नंतरची पद्धत पुष्कळ जुन्या यंत्रांना येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्यात दुसऱ्या पडद्यावर ब्राउझरची दहा पाने उघडी असली आणि मेमरी भरली, की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो. ती मेमरीहून हजारो पटींनी मंद! माणूस मात्र प्रोजेक्टरला बोल लावतो.

आपल्या शाळेत हे करून पाहा. टास्क मॅनेजर उघडा. आधी प्रोजेक्टर जोडून काहीच लावू नका. प्रोसेसरचा आकडा फारसा हलणार नाही. मग एकच चित्रफीत आधी १०८० ओळींची आणि नंतर ४८० ओळींची लावा, व दोन्ही आकडे फळ्यावर लिहा.

त्या शाळेत आम्ही हेच केले. मेमरीची एकच पट्टी होती. तिच्या जोडीची दुसरी बसवली आणि फीत ४८० वर आणली. भंगाराचा विचार तूर्त मागे पडला आहे.