200 बारचा दाब आणि डिकीतील टाकी

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 नळदुर्ग ओलांडून तुळजापूर तालुक्यातील जळकोट गावावरून उमरग्याकडे जातो (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट निराळे), आणि या रस्त्यावर मागच्या काचेला ‘सीएनजी’ अशी हिरवी पट्टी चिकटवलेल्या मोटारी आता सर्रास दिसतात. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांसाठी नैसर्गिक वायू वितरणाचा परवाना असलेली युनिसन एन्व्हायरो ही कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईच्या महानगर गॅस लिमिटेडने विकत घेतली. म्हणजे 1995 साली स्थापन होऊन मुंबईच्या टॅक्सी-रिक्षांना वायू पुरवू लागलेल्या कंपनीचा कारभार आता मराठवाड्याच्या या कोपऱ्यापर्यंत आला आहे. इंधन बदलले की पंपावरचा दर सर्वांना पाठ होतो. गाडीत बसवलेल्या यंत्रणेची माहिती मात्र बहुतेकांना ‘मागे टाकी आहे’ एवढ्यावरच असते.

या यंत्रणेतील प्रत्येक भाग वायूच्या एका स्वभावातून आलेला आहे. नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेन असतो आणि नेहमीच्या दाबाला एक किलो वायू जवळजवळ दीड घनमीटर जागा व्यापतो. स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे एलपीजी, माफक दाबाखाली द्रवरूप होतो. मिथेन मात्र उणे 82 अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, त्यामुळे तो वायुरूपातच 200 बार दाबाखाली कोंडून ठेवावा लागतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन बारच्या थोडा वर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. एलपीजीची टाकी किंवा तिचे सुटे भाग सीएनजीसाठी वापरणे हे जिवावरचे धाडस ठरते, ते यामुळेच.

वायू गाडीत शिरतो तो भरण-झडपेतून. तिच्यासोबत एक एकेरी झडप असते, जी वायूला आत जाऊ देते पण उलट बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे पंपाची नळी काढताच टाकी रिकामी होण्याचा धोका राहत नाही. येथून पुढे जोड नसलेल्या, म्हणजे सांधा न मारता ओढून काढलेल्या, पोलादी नळीतून वायू टाकीकडे जातो.

टाकी हा या सर्व यंत्रणेचा सर्वांत महाग, सर्वांत जड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. मोटारींत सहसा वापरली जाणारी टाकी क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, कुठेही वेल्डिंग नसलेली असते. 60 लिटर पाणी मावेल एवढी टाकी रिकामीच 50 किलोंपेक्षा जड भरते आणि तिच्यात प्रत्यक्षात आठ-नऊ किलोंच्या आसपास वायू मावतो. हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो. वेगाने भरताना टाकीतील वायू तापतो, तापलेला वायू कमी वस्तुमानातच 200 बार दाखवतो आणि गाडी थोडी चालून टाकी निवली की काटा खाली येतो. मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी भरलेली टाकी पहाटे भरलेल्या टाकीपेक्षा कमी अंतर जाते, ते यामुळे. जिथे वायूवाहिनी पोहोचलेली नाही अशा पंपांवर वायू ट्रकवरील सिलिंडरांच्या जुडग्यातून येतो. त्या जुडग्यातील दाब जसजसा उतरतो तसतशी, दाब वाढवणारे यंत्र नसेल तर, रांगेत मागे उभ्या असलेल्या गाड्यांची टाकी अर्धवटच भरते. पंपचालकाशी होणाऱ्या पुष्कळशा वादांचे मूळ असे भौतिकशास्त्रात असते.

टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या झडपेत अनेक कामे एकवटलेली असतात. हाताने बंद करता येणारी कळ, नळी तुटल्यास वायूचा लोंढा आपोआप अडवणारी अतिप्रवाह झडप, दाब मर्यादेबाहेर गेल्यास फुटणारी धातूची पातळ चकती आणि आग लागल्यास शंभर अंशांच्या थोड्या पुढे वितळणारी मिश्रधातूची गुडदी, हे सर्व त्या मुठीएवढ्या पितळी भागात असते. शेवटच्या दोहोंचा हेतू एकच: टाकी फुटण्याआधी वायूला वाट मिळावी. डिकीतील झडपेभोवती हवाबंद आवरण घालून त्याच्या नळ्या गाडीच्या तळातून बाहेर काढलेल्या असतात, म्हणजे बारीक गळती झाली तरी वायू प्रवाशांकडे न येता बाहेर पडतो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्यावर तो वर निघून जातो, आणि हवेतील त्याचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असतानाच तो पेट घेतो. बंद डिकीत साचला तर मात्र हा हलकेपणा उपयोगी पडत नाही. सामान ठेवायला अडचण होते म्हणून हे आवरण काढून टाकणारे काही फिटर आढळतात. त्यांच्याकडे गाडी न नेणेच बरे.

टाकीतून निघालेली उच्चदाब नळी गाडीच्या पोटाखालून इंजिनाकडे येते. तेथे विजेवर उघडणारी झडप, गाळणी आणि त्यानंतर रेड्युसर, म्हणजे दाब उतरवणारे यंत्र, असते. 200 बारवरून दोन बारच्या आसपास उतरताना वायू प्रसरण पावून इतका गार होतो की त्यातील ओलावा गोठून मार्ग तुंबू शकतो. म्हणून रेड्युसरच्या अंगातून रेडिएटरचे गरम पाणी फिरवलेले असते. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन थोडे तापल्यावर वायूवर जातात, याचे एक कारण हेच. या भागात रेडिएटरला कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी घालण्याची सवय आहे. ते क्षार रेड्युसरच्या अरुंद वाटांत साचतात, मग गाडी चढावर आचके देते आणि दोष मात्र ‘गॅस खराब होता’ असा वायूला दिला जातो.

रेड्युसरनंतरचा मार्ग गाडीच्या पिढीनुसार बदलतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हवेच्या वाटेवर एक मिक्सर बसवून वायू हवेबरोबर ओढला जाई. आजच्या गाड्यांत वायू एका आडव्या नळीत येऊन प्रत्येक सिलिंडरसाठीच्या स्वतंत्र इंजेक्टरमधून ठराविक क्षणी सोडला जातो. किती सोडायचा हे गॅससाठीचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवते, आणि त्यासाठी धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकाचा आधार घेते. मिथेनच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे 17 पट हवा लागते, पेट्रोलला 14.7 पट. मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते म्हणून ठिणगी थोडी आधी द्यावी लागते; शिवाय वायू स्वतःच हवेची जागा व्यापत असल्यामुळे ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते.

टाकीच्या जागेची अडचण कमी करण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातूनच झाले. टाटा मोटर्सने 2023 मध्ये अल्ट्रोझ गाडीत एका मोठ्या टाकीऐवजी 30 लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, तर बजाज ऑटोने 5 जुलै 2024 रोजी पुण्यात दोन किलो वायूची टाकी असलेली फ्रीडम 125 ही मोटारसायकल सादर केली.

बाहेरून बसवलेल्या किटची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांच्या तपासणीवर अवलंबून असते, टाकीची मान्यता नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटकविषयक सुरक्षा संघटनेच्या, म्हणजे ‘पेसो’च्या, कक्षेत येते आणि गाडीच्या नोंदणीपत्रावर इंधनबदलाची नोंद परिवहन कार्यालय करते. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी बंधनकारक आहे. या हायड्रो टेस्टमध्ये टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या किमान दीडपट दाब दिला जातो, दाब काढल्यावर ती मूळ आकाराला परत येते का हे मोजले जाते, आणि तिच्यात मर्यादेपलीकडे कायमचा फुगवटा राहिला तर ती बाद ठरते. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फुटलीच तरी स्फोट होत नाही. गंज, पोचा किंवा खोल ओरखडा दिसल्यासही टाकी बाद होते. रंग मारून हे झाकता येते, म्हणून नव्याने रंगवलेल्या जुन्या टाकीकडे संशयानेच पाहावे.

जुनी गॅसची गाडी घेणाऱ्याने सोलापुरात असो वा उमरग्यात, इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी डिकी उघडावी, टाकीच्या पट्टीवरील शेवटच्या चाचणीची तारीख वाचावी, नोंदणीपत्रात इंधनाची नोंद आहे का ते पाहावे, आणि यांपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल तर बयाणा देऊ नये.