टेबलावरून उतरण्याआधी

आजोबांचा पाय दुखायचा. दांडीच्या किनाऱ्यावर शंभर पावलं चालले की पोटरीत गोळा, दोन मिनिटं थांबले की बरं. पन्नास वर्षं विडी ओढलेल्या माणसाच्या पायातल्या धमन्या तुंबल्या असणार, हे डॉक्टरांनी ओळखलं आणि सीटी अँजिओग्राफी सांगितली. पहाटे मालवणहून निघालो, शंभरावर किलोमीटर गेलो, स्कॅन करून रात्री घरी. दुसऱ्या दिवशी फोन आला, गुडघ्याखालचं नीट दिसत नाही, पुन्हा या. आजोबा भडकले. "साधो फोटो काढूक येणा नाय काय त्येंका?"

मीही तेव्हा चिडलेच होते. मग हा 'साधो फोटो' निघतो कसा ते वाचायला घेतलं आणि राग थोडा निवळला.

सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, त्याला हाऊन्सफिल्ड युनिट म्हणतात. सीटीसाठी १९७९ चं नोबेल अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत मिळालेल्या गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांचंच हे नाव. पाणी ०, हवा उणे १०००. रक्त चाळीसच्या आसपास आणि गंमत म्हणजे शेजारचा स्नायूही जवळपास तितकाच. राखाडीत राखाडी! म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध सेकंदाला चारेक मिलिलिटर वेगाने सोडतात. ते पोचलं की धमनीतला आकडा अडीचशे-तीनशेच्या पुढे जातो आणि धमनी पांढरी उठून दिसते.

पण पोचलं की, हं. औषध किती वेळात कुठे जाईल हे हृदयावर अवलंबून. म्हणून मशीन महाधमनीवर एक छोटं वर्तुळ ठेवून आकडा बघत राहतं. ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की स्कॅन सुरू. पायांच्या स्कॅनमध्ये खरी गोची पुढे आहे. टेबल कमरेपासून पावलांकडे सरकतं आणि तुंबलेल्या पायात रक्त मुंगीच्या चालीने उतरत असतं. टेबल रक्ताच्या पुढे पळालं, की पोटरीत औषध पोचण्याआधीच फोटो निघून जातो. आजोबांचं बहुधा हेच झालं असावं.

हे कळतं कधी? बऱ्याच ठिकाणी स्कॅन एकीकडे निघतो आणि वाचणारा रेडिऑलॉजिस्ट दुसऱ्या शहरात असतो. तो फाइल उघडेपर्यंत पेशंट एसटीत बसून कुडाळपर्यंत आलेला!

इथे कॉम्प्युटर कामाला येऊ शकतो. मुंबईच्या क्यूर.एआयने २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोक्याच्या सीटीत रक्तस्राव ओळखणारी प्रणाली मांडली होती. आपला प्रश्न त्याहून साधा आहे. आजार राहू दे, चित्र वाचण्याजोगं आलंय का एवढंच सांग. प्रोग्रॅमने धमनी शोधायची, तिच्या आत वर्तुळं ठेवायची, सरासरी आकडा काढायचा, शेजारच्या स्नायूशी आणि चित्रातल्या खरखरीशी ताडून बघायचा. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेलं टोटलसेगमेंटेटर हे सॉफ्टवेअर तेव्हा सीटीतले १०४ भाग आपोआप वेगळे करायचं आणि औषध कोणत्या टप्प्यावर आहे याचाही अंदाज देतं. नावं काढून टाकलेले १२०४ स्कॅनही त्यांनी खुले केले. पायथन येणाऱ्या कुणालाही हॉस्टेलवर बसून प्रयोग करता येईल. फक्त त्या १०४ मध्ये रक्तवाहिन्या ८, आणि पोटरीतल्या बारीक धमन्या त्यात नाहीत. म्हणजे आजोबांचा पाय अजून बाहेरच!

आणि नुसता आकडा फसवतो. धमनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियमही पांढरंच दिसतं. ते वर्तुळात आलं की सरासरी फुगते आणि खराब स्कॅन पास होतो. मशीनचं व्होल्टेज कमी केलं की तेवढंच आयोडीन जास्त उजळ दिसतं, म्हणजे एका हॉस्पिटलची पासिंगची रेषा दुसरीकडे चालेलच असं नाही. शिवाय 'नापास' दिसलं म्हणून लगेच पुन्हा औषध टोचणं हा उपाय नव्हे. आधीच कमकुवत किडनीला ते त्रासदायक ठरू शकतं, वर रेडिएशन दुप्पट. कधी नुसता पोटरीचा भाग लगेच परत घेतला तरी भागतं, कारण औषध तोवर खाली उतरलेलं असतं. हे माणसानेच ठरवायला हवं. माझ्या मते प्रोग्रॅमने पास-नापास न देता फक्त 'इथे बघा' म्हणावं, तेही पेशंट टेबलावर असतानाच.

दुसऱ्या खेपेला टेक्निशियन ताईंनी स्कॅन संपल्यावर आजोबांना तसंच झोपवून ठेवलं. स्क्रीनवर कमरेपासून घोट्यापर्यंत एकेक चित्र सरकवत गेल्या, पोटरीशी थांबल्या, पुन्हा मागे आल्या. दोनेक मिनिटं गेली असतील. मग म्हणाल्या, "उठा आजोबा, झालं."

"खरां मां?" आजोबांनी झोपूनच विचारलं.