गोविंदपंत बुंदेले: वसुली आणि तलवार

लखनौहून कानपूरकडे जाणारी आगगाडी मानक नगर मागे टाकते, गंगा ओलांडते आणि कानपुराहून झाशीच्या वाटेला लागली म्हणजे काल्पीजवळ यमुना पार करते. हा प्रवास काही तासांचा आहे. पण अठराव्या शतकात या वाटेवर दोन राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडत होत्या. गंगेच्या उत्तरेस अवधच्या नवाबाची सत्ता होती, यमुनेच्या दक्षिणेस पेशव्यांचा अंमल होता, आणि दोहोंमधल्या अंतर्वेदीत कधी एकाची, कधी दुसऱ्याची ठाणी बसत. या सरहद्दीवर पेशव्यांच्या वतीने सुमारे पाव शतक ज्यांनी कारभार पाहिला, ते गोविंद बल्लाळ खेर इतिहासात गोविंदपंत बुंदेले या नावाने ओळखले जातात.

रत्नागिरी जिल्ह्यातील नेवरे हे त्यांचे मूळ गाव. कोकणातल्या खेरांना बुंदेले हे नाव मिळाले ते बुंदेलखंडातील कामगिरीमुळे. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालास जैतपूर येथे कोंडीत धरले असता पहिले बाजीराव त्याच्या मदतीस धावून गेले. त्या उपकाराची जाण ठेवून छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावांना देऊ केला. छत्रसाल १७३१ मध्ये निवर्तला. त्यानंतर हा हिस्सा प्रत्यक्ष ताब्यात घेणे, त्याची वसुली करणे आणि त्याचे रक्षण करणे ही कामे पुढे गोविंदपंतांकडे आली. सागर हे त्यांनी आपले मुख्य ठिकाण केले. तेथील तलावाकाठी किल्ल्याच्या आश्रयाने जी वस्ती वाढली, तिचेच आजचे सागर शहर झाले.

एकाच माणसाने मुलूखही सांभाळावा आणि फौजही बाळगावी, ही गोष्ट त्या शतकात नवलाची नव्हती. त्याच सुमारास, १७२२ मध्ये, रशियाच्या पहिल्या पीटरने आपल्या सरदारांसाठी चौदा पायऱ्यांची दर्जासारणी लावून दिली. लष्करी सेवा, मुलकी सेवा आणि दरबारी सेवा या तिन्हींच्या पायऱ्या तिच्यात समोरासमोर मांडलेल्या होत्या. त्यामुळे पलटणीत चढलेला उमराव पुढे प्रांताचा कारभारी होऊ शके. मात्र लष्कराची शिडी आणि मुलकी कारभाराची शिडी निरनिराळी आहे, हे तत्त्व त्या सारणीने मान्य केले होते. मराठी राज्यात अशी शिडी नव्हती. येथे दोन्ही कामे एकाच वेळी एकाच माणसाच्या हाती येत.

तरीही पेशव्यांची राज्यपद्धती बेशिस्त होती असे समजणे चुकीचे ठरेल. प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज आगाऊ ठरे. त्यास बेहेडा म्हणत. वसूल येण्यापूर्वीच मामलेदाराने ठराविक रक्कम सरकारात भरावयाची असे, ती रसद. ही रक्कम बहुधा सावकाराकडून उचलावी लागे आणि व्याजासह मुलखातून वसूल करावी लागे. मामलेदारावर नजर राहावी म्हणून दिवाण, मुजुमदार, फडणीस यांसारखे दरखदार नेमलेले असत आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. कागदावर ही व्यवस्था चोख होती. पण सागर, काल्पी किंवा इटावा पुण्याहून इतके दूर होते, की तेथल्या ताळेबंदाची शहानिशा व्हावयास वर्षे लागत आणि बाकी तुंबत जाई.

१७५१-५२ च्या सुमारास अवधचा नवाब सफदरजंग याने बंगश व रोहिले पठाणांविरुद्ध मराठ्यांचे साहाय्य घेतले. त्यातून अंतर्वेदीत मराठ्यांचा पाय रोवला गेला आणि इटाव्याकडील कारभाराचा भारही गोविंदपंतांवर पडला. मुलूख वाढला, पण फौजेचे स्वरूप बदलले नाही. गोविंदपंतांपाशी मुख्यतः होती ती शिबंदी: ठाणी राखणारी, हट्टी जमीनदाराकडून सारा वसूल करणारी माणसे. मैदानी लढाईसाठी लागणारी कसलेली फौज निराळी. या दोहोंतील अंतर १७५९ मध्ये दिसून आले. दत्ताजी शिंद्यांनी शुक्रताल येथे नजीबखानास घेरले असता गोविंदपंतांना गंगेपलीकडे पाठविले. परंतु सफदरजंगाचा पुत्र शुजाउद्दौला याच्या गोसावी फौजेपुढे त्यांना माघार घ्यावी लागली.

१० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले आणि सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले. या मोहिमेत भाऊंनी गोविंदपंतांना लिहिलेली अनेक पत्रे उपलब्ध आहेत आणि पानिपतच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे. त्यांतील मागण्या पाहिल्या म्हणजे एका माणसावर किती ओझे लादले होते ते कळते. शुजास आपल्या पक्षास वळवावे, यमुनेवर पुलासाठी नावा जमवाव्या, मागील बाकीचा ऐवज पाठवावा, अब्दालीची रसद मारावी. अब्दालीच्या बळावर अंतर्वेदीतील जमीनदार उठले होते. त्यांच्याकडून सारा येईना. पावसाळ्यात यमुनेला पूर राहिला. जुलैमध्ये शुजा अब्दालीस जाऊन मिळाला. मागितलेला पैसा यावयाचा तो याच पेटलेल्या मुलखातून, आणि तो वसूल करावयास जी शिबंदी हवी तिलाच लढाईवर नेणे भाग होते.

वर्षाच्या अखेरीस वयाने उतरलेले गोविंदपंत मेरठच्या बाजूस शत्रूची धान्याची वाट अडविण्यास गेले. काही काळ अब्दालीच्या छावणीत महागाई झाली. म्हणजे हा प्रयत्न अगदीच निष्फळ नव्हता. परंतु डिसेंबर १७६० मध्ये अताईखानाच्या ताज्या दमाच्या घोडदळाने अकस्मात छापा घातला आणि त्यात ते मारले गेले. त्यानंतर भाऊंच्या छावणीला बाहेरून मिळणारा मोठा आधार उरला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा निकाल लागला. त्या रणाचा वृत्तान्त फारसीत लिहून ठेवणारा काशीराज पंडित हा शुजाच्या पदरी असलेला दक्षिणी गृहस्थ होता. मराठी माणूस तेव्हा यमुनेच्या दोन्ही अंगांना चाकरी करीत होता.

पानिपतच्या अपयशाचा मोठा वाटा गोविंदपंतांच्या माथी मारण्याची प्रथा जुनी आहे. हिशेबातील त्यांची दिरंगाई नाकारता येत नाही. परंतु वसुलीसाठी नेमलेल्या माणसाकडून राज्याने वकिली, पूल, पैसा आणि गनिमी युद्ध ही सारी कामे एकाच हंगामात मागितली, हेही विसरता येत नाही. त्यांनी घातलेली घडी मात्र पक्की होती. पानिपतात उत्तरेतील मराठ्यांचा डोलारा कोसळला. तरी त्यांचे पुत्र बाळाजी गोविंद आणि गंगाधर गोविंद यांनी सागर व काल्पीचा कारभार पुढे चालविला. सागर १८१८ मध्ये आणि घराण्याचे जालौन संस्थान १८४० मध्ये इंग्रजांकडे गेले. रणांगणावर उण्या पडलेल्या या सरदाराच्या मुलकी कामाने त्याच्यामागे अशी जवळजवळ ऐंशी वर्षे तग धरली.