ठेका घेताय? मग संघटना बघा!

घोटीहून नाशिकला सिव्हिलच्या कॉलेजसाठी अप-डाऊन करताय? मग हे वाचाच. पास झाल्यावर सार्वजनिक बांधकाम विभागात ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ म्हणून नोंदणी करता येते. छोट्या कामांत या गटाला राखीव वाटा आहे. काम मिळतं हो, खरी गंमत पुढे! आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरांचे पैसे द्यायचेच, बिल मात्र अडकलेलं. एकट्या नवख्याचं कोण ऐकणार? म्हणून ठेकेदार संघटना. लष्कराची कामं करणाऱ्या ठेकेदारांनी 1941 मध्ये पुण्यात बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया काढली, तीही एकत्र येण्यासाठीच. सभासद होण्याआधी एवढं विचारा: थकलेल्या बिलासाठी तुम्ही कुणाकडे जाता? नुसती दिवाळीची डायरी मिळणार असेल, तर फी खिशातच ठेवा.