दाद कोणी मागायची?

राज्य वैद्यकीय परिषदेने एखाद्या डॉक्टरची नोंदणी सहा महिन्यांसाठी स्थगित केली, तर त्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करता येते. तेथे समाधान झाले नाही, तर खुद्द आयोगाकडे दुसरे अपील आहे. आता उलट बाजू पाहू. त्याच परिषदेने तक्रार निराधार ठरवून प्रकरण बंद केले, तर ज्या कुटुंबाने आपले माणूस गमावले त्याने कोठे जायचे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३० मध्ये अपिलाचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दिलेला आहे. तक्रारदाराचा तेथे उल्लेख नाही. कायदा लागू झाल्यावर रुग्णांची अपिले याच कलमाकडे बोट दाखवून परत पाठविली गेली.

ही त्रुटी जुन्या व्यवस्थेतून वारशाने आलेली असती, तर एकवेळ समजून घेता आले असते. पण तसे नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक नियमांत पुढे केलेल्या दुरुस्तीने राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणाही व्यक्तीस साठ दिवसांत अपील करण्याची मुभा होती. म्हणजे जी संस्था भ्रष्ट म्हणून आपण मोडीत काढली, तिच्याकडे रुग्णासाठी एक दार होते. सुधारणेच्या नावाने आलेल्या कायद्याने ते लावून घेतले.

जुनी परिषद मोडण्यास सबळ कारणे होती, हे मी नाकारत नाही. २०१० मध्ये तिच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली आणि सरकारने परिषदच बरखास्त केली. ती पुन्हा उभी राहिली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. २०१८ मध्ये वटहुकूम आला आणि २५ सप्टेंबर २०२० रोजी आयोग कामाला लागला. निवडून आलेल्या सभासदांची जागा मुख्यतः नियुक्त सदस्यांनी घेतली. या सगळ्या काळात चर्चा झाली ती महाविद्यालयांच्या परवानग्या, जागा आणि तपासण्या यांची. पैसा तेथे होता, म्हणून लक्षही तेथेच गेले असावे. शिस्तभंगाची चौकशी मात्र पूर्वीसारखीच राज्य परिषदांकडे राहिली. वर सरकारनियुक्त आयोग बसला. खाली डॉक्टरांचा न्याय डॉक्टरच करीत राहिले.

शेजारच्या व्यवसायाशी तुलना केली की हा विरोधाभास अधिक ठळक होतो. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात कलम ३७ नुसार राज्य वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीच्या आदेशाने व्यथित झालेली कोणीही व्यक्ती भारतीय वकील परिषदेकडे जाऊ शकते, आणि तेथून पुढे सर्वोच्च न्यायालयात. ‘व्यथित व्यक्ती’ म्हणजे कोण, हा प्रश्न मुंबईतूनच दिल्लीला गेला होता. फौजदारी न्यायालयाच्या दारात अशिलांवर झडप घालणाऱ्या काही वकिलांना भारतीय वकील परिषदेच्या समितीने दोषमुक्त केले, तेव्हा महाराष्ट्राच्या वकील परिषदेने अपील केले. अशा अपिलाचा तिला अधिकार आहे, असा निर्वाळा सात न्यायमूर्तींच्या पीठाने दाभोलकर खटल्यात १९७५ मध्ये दिला. शिस्त हा केवळ आरोपी आणि समिती यांच्यातील खासगी व्यवहार नाही, हे त्यामागचे सूत्र होते.

अर्थात, कायद्यात दार असणे आणि ते वेळेवर उघडणे यांत अंतर असते. तक्रार एका वर्षात निकाली काढावी, नाहीतर ती भारतीय वकील परिषदेकडे वर्ग व्हावी, असे याच कायद्याचे कलम ३६-ब सांगते. तरीही ही मुदत पाळा, अशी आठवण सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये करून द्यावी लागली.

आणखी एक गंमत आहे, जी आपल्या धोरणचर्चेत क्वचितच येते. १९९५ च्या शांता निकालापासून सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. वकिलांची सेवा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरविले. म्हणजे अशिलाला परिषदेच्या निर्णयावर अपील आहे, पण ग्राहक मंच नाही. रुग्णाला ग्राहक मंच आहे, पण अपील नाही. नुकसानभरपाईने शिस्तीची जागा भरून निघते, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ग्राहक आयोग पैसे देववू शकतो. परवाना काढून घेणे त्याच्या हाती नाही.

मग सरकारने सर्व व्यवसायांची शिस्त स्वतःकडेच घ्यावी काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये वकील कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला. भारतीय वकील परिषदेवर केंद्राचे प्रतिनिधी नेमण्याची आणि तिला निर्देश देण्याची तरतूद त्यात होती. देशभर विरोध झाला आणि काही दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. तो विरोध मला योग्य वाटतो. सरकारविरुद्ध उभे राहणे हा ज्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यांच्या सनदेवर सरकारचा हात असू नये. लेखापरीक्षकांचे तसे नाही. २००९ च्या सत्यम प्रकरणानंतर सनदी लेखापालांच्या संस्थेवर विसंबून राहणे शक्य नव्हते. २०१३ च्या कंपनी कायद्यात तरतूद झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. दोषी लेखापरीक्षकाला सहा महिने ते दहा वर्षे कामापासून दूर ठेवण्याचा अधिकार त्याला आहे. तो वैध असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य केले. मात्र ज्यांनी लेखापरीक्षणाची तपासणी केली त्यांनीच कारवाई सुरू केली, या कारणास्तव नोटिसा रद्द केल्या. नियामक सरकारी असल्याने तो निष्पक्ष ठरत नाही, एवढे त्यातून दिसले.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी झाल्यावर २००२ मध्ये आरोग्यक्षेत्रातील सर्व नियामकांवर नजर ठेवणारी संस्था कायद्याने आली. डॉक्टरला झालेली शिक्षा लोकांच्या रक्षणास अपुरी वाटली, तर ती थेट उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकते. ती एकाही डॉक्टरचा परवाना देत नाही की काढत नाही. आपल्याकडे अशा संस्थेची चर्चाही नाही. आणि सध्या मी तेवढे मागतही नाही.

मागणे लहान आहे. कलम ३० मध्ये व्यावसायिकाबरोबर तक्रारदाराचाही उल्लेख हवा. आयोग प्रशासकीय निर्णयाने अशी अपिले स्वीकारू शकतो, असा युक्तिवाद होतो. पण कायद्यात नसलेली सवलत जशी दिली जाते, तशीच ती काढूनही घेता येते. आरोग्य मंत्रालयाला हे ठाऊक नाही असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने सूचनांसाठी जाहीर केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात रुग्ण व नातेवाइकांना अपिलाचा अधिकार देण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा कायद्यात उतरला नाही.