शर्यतीतला शेवटचा अंक



लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल. आमच्या महाविद्यालयात तो दरवर्षी होतो. दोऱ्याची लांबी मोजायला साधी मीटरपट्टी, वेळ मोजायला हातातले विरामघड्याळ, आणि वहीत उत्तर मात्र ९.७८३४२१६! "हे शेवटचे अंक कोठून आले?" असे विचारले, की हमखास उत्तर येते, "सर, गणकयंत्राने दिले." गणकयंत्र अंक देते हे खरे, पण ते अंक आपण मोजलेले असतात का?

आज याच शेवटच्या अंकांची गोष्ट सांगणार आहे. ती प्रयोगशाळेत नव्हे, पोहण्याच्या तलावात घडलेली आहे.

एकच आकडा, तीन वेळा

६ डिसेंबर २०१४. कतारमधील दोहा शहरात आखूड तलावाची जागतिक जलतरण स्पर्धा चालू होती. महिलांची १०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकची अंतिम शर्यत सुरू झाली. ब्रेस्ट स्ट्रोक म्हणजे बेडकासारखे पोहणे. दोन्ही हात एकदम पुढे नेऊन पाणी बाजूला सारायचे आणि दोन्ही पाय दुमडून एकदम मागे झाडायचे. लिथुआनियाची रूता मैलुतीते ही या प्रकारातली विश्वविक्रमवीर होती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी तिने सुवर्णपदक मिळवले होते. पण दोह्यात भिंतीला पहिला हात लागला तो जमैकाच्या अलिया अ‍ॅटकिन्सनचा. तिची वेळ होती १ मिनिट २.३६ सेकंद, आणि मैलुतीतेची १ मिनिट २.४६ सेकंद. फलकावरचा आकडा पाहून अ‍ॅटकिन्सनचा स्वतःवरच विश्वास बसेना. जलतरणात जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली.

आता गंमत पाहा. मैलुतीतेने १२ ऑक्टोबर २०१३ रोजी मॉस्कोत केलेला विश्वविक्रमही १ मिनिट २.३६ सेकंदांचाच होता! म्हणजे विक्रम मोडला नाही, त्याची बरोबरी झाली. पुढे ऑगस्ट २०१६मध्ये फ्रान्समधील शार्त्र येथे अ‍ॅटकिन्सनने पुन्हा वेळ नोंदवली, तीही १ मिनिट २.३६ सेकंद. तीन शहरे, तीन तलाव, आकडा एकच. मग या तिन्ही शर्यती खरोखरच सारख्या वेळेत पार पडल्या असे म्हणता येईल का?

आखूड तलाव म्हणजे काय?

त्याआधी एक खुलासा. जलतरणाच्या मोठ्या स्पर्धा दोन प्रकारच्या तलावांत होतात. ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांबीचा असतो, तर आखूड तलाव २५ मीटरचा. अंतर १०० मीटरच असले तरी दोन्हींचे विक्रम वेगवेगळे ठेवतात. मैलुतीतेचेच उदाहरण घ्या. जुलै २०१३मध्ये बार्सिलोना येथे लांब तलावात तिने १ मिनिट ४.३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत आखूड तलावात तिला तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ दोन सेकंद कमी लागले.

याचे कारण तलावाच्या भिंती. लांब तलावात १०० मीटरसाठी एकदाच वळावे लागते, आखूड तलावात तीनदा. प्रत्येक वळणावर पोहणारी भिंतीला पायांनी जोराने रेटते, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे भिंत तिला तेवढ्याच बलाने पुढे ढकलते. पाणी मागे सरकते, भिंत सरकत नाही; म्हणून हा रेटा हातापायांच्या रेट्यापेक्षा फार मोठा असतो. शिवाय त्यानंतर काही मीटर ती पाण्याखालून बाणासारखी सरळ जाते. पृष्ठभागावर पोहताना लाटा उठवण्यात जी ऊर्जा खर्च होते, ती तेथे बरीच वाचते. ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये प्रत्येक वेळी हात आणि गुडघे पुढे घेताना वेग कमी होतो, म्हणून या प्रकारात भिंतीची मदत विशेष मोलाची.

घड्याळ अचूक, पण तलाव?

आता थोडे गणित करू. १०० मीटरला ६२.३६ सेकंद, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर. यावरून,

एक दशांश सेकंदात अंतर : १६ सेंटिमीटर
एक शतांश सेकंदात अंतर : १.६ सेंटिमीटर
एक सहस्रांश सेकंदात अंतर : १.६ मिलिमीटर

दोह्यात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात एक दशांश सेकंदाचा फरक होता. म्हणजे १०० मीटर पोहून गेल्यावर दोघींमध्ये उरले होते वीतभर अंतर!

शर्यतीची वेळ मोजणारे विद्युत् घड्याळ सुरुवातीच्या इशाऱ्याबरोबर चालू होते आणि भिंतीवर बसवलेल्या स्पर्शफलकावर हाताचा दाब पडताच थांबते. या घड्याळाला सहस्रांश सेकंद मोजणे मुळीच अवघड नाही. मग मैलुतीते आणि अ‍ॅटकिन्सन यांच्या वेळांचा तिसरा दशांश पाहून विक्रम एकीलाच का देऊ नये?

कारण मोजायची गोष्ट केवळ वेळ नाही. "१०० मीटर किती वेळात?" असा प्रश्न आहे. त्यात वेळ आहे आणि लांबीही आहे. वेळेचे माप सहस्रांशापर्यंत खरे. पण लांबीचे काय?

तलाव काँक्रीटचा, त्यावर फरशी, तिच्यावर स्पर्शफलक. दोन भिंती सर्व ठिकाणी मिलिमीटरपर्यंत समांतर ठेवणे कोणत्याही गवंड्याला कठीणच. म्हणून नियमांनुसार तलावाची लांबी ठरलेल्या मापापेक्षा किंचित जास्त असलेली चालते, कमी मात्र चालत नाही. समजा, एखादी मार्गिका शेजारच्या मार्गिकेपेक्षा एक सेंटिमीटर लांब आहे. आखूड तलावात ती चार वेळा पार करावी लागते, म्हणजे एकूण ४ सेंटिमीटर जादा. त्याला लागणारा वेळ :

०.०४ ÷ १.६ = ०.०२५ सेकंद

पाहिलेत? एवढ्याने २५ सहस्रांश सेकंदांचा फरक पडला! दोन वेगळ्या शहरांतील तलावांची तुलना करायची तर तापमानही विचारात घ्यावे लागेल. काँक्रीटचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. तापमानात १० अंशांचा फरक असेल तर २५ मीटर लांबी ३ मिलिमीटरने बदलते. आणि आपला सहस्रांश सेकंद म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर!

म्युनिकचे दोन सहस्रांश

हा विचार केवळ कागदावरचा नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत अगदी सारखी आली. मग सहस्रांश पाहिले गेले. लार्सन ४ मिनिटे ३१.९८१ सेकंद, मॅकी ४ मिनिटे ३१.९८३ सेकंद. लार्सनला सुवर्ण, मॅकीला रौप्य.

त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १.४७ मीटर होता. दोन सहस्रांश सेकंदांत तीन मिलिमीटरही अंतर होत नाही. ५० मीटरचा तलाव त्यांनी आठ वेळा पार केला होता. तेव्हा दोन मार्गिकांच्या लांबीत ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे तुमच्या नखाच्या जाडीएवढा फरक असता, तरी निकाल फिरला असता! त्या दिवशी अधिक वेगाने कोण पोहले, हे त्या मापनावरून सांगता येत नव्हते. तरीही पदकाचा रंग त्यावरच ठरला.

या प्रसंगानंतर जलतरणाचे नियम बदलले. आता निकाल शतांशापर्यंतच लावतात, आणि वेळ सारखी आली तर दोघांनाही तोच क्रमांक देतात. १९८४च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर मुक्त शैलीत नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसायफर या दोघींची वेळ ५५.९२ सेकंद आली, आणि दोघींनाही सुवर्णपदक मिळाले. अ‍ॅटकिन्सनलाही या नियमाचा अनुभव होता. लंडन ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत आठव्या, म्हणजे अंतिम फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी तिची आणि कॅनडाच्या एका स्पर्धक मुलीची बरोबरी झाली. जागा एकच असल्याने दोघींना पुन्हा पोहावे लागले. ती शर्यत अ‍ॅटकिन्सनने जिंकली आणि अंतिम फेरीत तिचा क्रमांक चौथा आला. दमलेल्या खेळाडूंना पुन्हा पाण्यात उतरवणे पंचांनी पत्करले. पण विश्वास ठेवण्याजोगा नसलेला अंक वापरला नाही.

चौकस वाचक म्हणतील, "वर दाखवल्याप्रमाणे शतांशही अगदी निर्धोक नाही!" शंका बरोबर आहे. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण सहस्रांश त्या रेघेच्या पलीकडे आहे, यात संशय नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घेऊ. त्या तीन शर्यती अगदी सारख्या होत्या का? बहुधा नसतील. पण त्यांतली कोणती किंचित सरस होती, हे सांगण्याइतके बारीक आपले मापन नाही. म्हणून "बरोबरी" या शब्दाचा अर्थ "फरक नाही" असा नसून "आपल्या मापनात फरक दिसत नाही" असा आहे. प्रयोगवहीतही हेच लक्षात ठेवा. एका उपकरणाचे लघुतम माप कितीही बारीक असो, उत्तराची अचूकता ठरते ती सर्वांत कच्च्या मापावरून.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर टेपने तीन वेळा, तीन वेगवेगळ्या जोड्यांकडून मोजून घ्या. तिन्ही मापांत किती फरक पडतो? मग एकाच धावपटूची वेळ पाच जणांनी पाच विरामघड्याळांवर घ्या आणि ताडून पाहा. तुमच्या शाळेच्या विक्रमांच्या फलकावर दशांश चिन्हापुढे किती अंक लिहावेत, ते आता तुम्हीच ठरवा.

जाता जाता एक प्रश्न. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर धावण्याच्या शर्यतीत नोआ लायल्सला ९.७८४ आणि किशेन थॉम्प्सनला ९.७८९ सेकंद अशा वेळांवरून पहिला-दुसरा क्रमांक मिळाला. धावण्यात सहस्रांश चालतो, मग पोहण्यात का नाही? धावपटूचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर धरा, एका सहस्रांश सेकंदातले अंतर काढा आणि १.६ मिलिमीटरशी त्याची तुलना करा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.